ड्रोनची दुरुस्ती कोल्हापुरात कधी होणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्ह्यातील उद्योजक संघटनांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस जवळ येत आहेत. अहवालवाचन, हिशेबाला मंजुरी आणि सत्कार झाले की पुढच्या वर्षाचा कार्यक्रम बहुधा शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो, असा अनुभव आहे. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतील मॅक या चारही संघटनांनी मिळून येते एक वर्ष मानवरहित वाहने आणि रोबोटिक्स या एकाच विषयाला द्यावे, अशी विनंती मी आपल्या दैनिकामार्फत जाहीरपणे करीत आहे. या संघटनांनी आजवर वीजदर, रस्ते आणि भूखंडांचे प्रश्न नेटाने लढवले आहेत. परंतु नवे तंत्र आपल्या सभासदांच्या हातात प्रत्यक्ष कसे आणावे, याचा विचार स्वतंत्रपणे आणि वर्षभर सलग झाला पाहिजे, आणि तो प्रदर्शनातील स्टॉलपुरता मर्यादित राहू नये, अशी माझी तळमळ आहे.

या विषयाला वाहिलेली एक संस्था अमेरिकेत आहे आणि तिच्या कामाकडे मी बरीच वर्षे लक्ष ठेवून आहे. असोसिएशन फॉर अनमॅन्ड व्हेइकल सिस्टिम्स इंटरनॅशनल असे तिचे नाव असून तिची स्थापना १९७२ साली, दूरनियंत्रित विमानांची संघटना म्हणून झाली. आज हवेतील, जमिनीवरील आणि पाण्यातील अशा सर्व प्रकारच्या मानवरहित यंत्रांचे उत्पादक, वापरकर्ते आणि संशोधक तिचे सभासद आहेत. दरवर्षी निरनिराळ्या शहरांत ती मोठे प्रदर्शन भरवते (२०२३ साली डेन्व्हर, २०२४ साली सॅन दिएगो आणि २०२५ साली ह्यूस्टन), वॉशिंग्टनमध्ये नियमांसाठी पाठपुरावा करते आणि तिच्या स्थानिक शाखा आपापल्या राज्यांत काम करतात. हौशी लोकांनी ड्रोन विकत घेऊन विमानतळाजवळ उडवायला सुरुवात केली तेव्हा, डिसेंबर २०१४ मध्ये, याच संस्थेने मॉडेल विमाने उडवणाऱ्यांची जुनी संघटना आणि तेथील विमान वाहतूक खाते यांना बरोबर घेऊन ‘उडवण्यापूर्वी नियम जाणून घ्या’ अशी मोहीम चालवली. स्वतःच्या ग्राहकांना शिस्त लावण्याचे काम उत्पादकांच्या संघटनेने आपण होऊन अंगावर घेतले, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते.

परंतु या संस्थेकडून आपण खरोखर काय उचलावे, असे मला कोणी विचारले तर मी तिच्या आश्रयाने सुरू झालेल्या विद्यार्थी स्पर्धांकडे बोट दाखवीन. १९९१ साली जॉर्जिया टेक या संस्थेत हवाई रोबोंची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. काम वाचायला अगदी साधे होते : कोणीही रिमोट हातात न धरता, यंत्राने स्वतःहून उडून मैदानाच्या एका बाजूची धातूची चकती उचलायची, मधला अडथळा ओलांडायचा आणि ती दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवायची. पहिल्या वर्षी ते कोणालाच जमले नाही, पुढची काही वर्षेही जमले नाही, आणि अखेर १९९५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघाने ते करून दाखवले. मधल्या वर्षांत आयोजकांनी काम सोपे केले नाही आणि स्पर्धा गुंडाळलीही नाही. पुढे जमिनीवरील वाहनांसाठी १९९३ पासून आणि पाण्याखालील यंत्रांसाठी १९९८ पासून अशाच स्पर्धा सुरू झाल्या व त्यांतून बाहेर पडलेली मुले या उद्योगात मोठ्या संख्येने गेली. एखादे अवघड काम आधी जाहीर करायचे आणि ते होईपर्यंत दरवर्षी तेच ठेवायचे, ही चिकाटी आपल्याकडच्या तंत्रमहोत्सवांत क्वचितच दिसते. आपल्याकडे दरवर्षी नवी संकल्पना, नवे बोधचिन्ह आणि नवे टी-शर्ट असतात, आणि मागच्या वर्षीचे यंत्र विभागाच्या कपाटावर धूळ खात पडते.

त्याच संस्थेच्या कामातील एक गोष्ट मात्र सावधपणे पाहावी अशी आहे. मार्च २०१३ मध्ये तिने एक आर्थिक अहवाल प्रसिद्ध केला आणि मानवरहित विमानांना नागरी आकाश खुले झाले की पहिल्या तीन वर्षांतच ७० हजार, आणि २०२५ पर्यंत १ लाखाहून अधिक रोजगार निर्माण होतील, तसेच अर्थव्यवस्थेवर ८२ अब्ज डॉलरचा परिणाम होईल, असे अनुमान मांडले. आकाश २०१५ साली खुले होईल असे त्यात गृहीत होते. छोट्या ड्रोनच्या व्यावसायिक वापराचे नियम प्रत्यक्षात ऑगस्ट २०१६ मध्ये लागू झाले, आणि तोपर्यंत छोट्या ड्रोनचा बाजार चीनमधील शेन्झेनच्या डीजेआय कंपनीने बहुतांशी व्यापलेला होता. वापराचा प्रचार अमेरिकेत झाला, पण विकली गेलेली यंत्रे मोठ्या प्रमाणावर शेन्झेनची होती. आता तीच संस्था देशी ड्रोननिर्मितीला सरकारने बळ द्यावे म्हणून आग्रह धरते आहे. आपल्या संघटनांनी जर केवळ ‘ड्रोन वापरा’ एवढाच प्रचार केला, तर कोल्हापूरच्या वाट्याला ग्राहकाची जागा येईल आणि कारखानदारी दुसरीकडे राहील.

आपल्या देशातील नियमांचा इतिहास वाचकांना साधारणपणे ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी ड्रोन उडवण्यावर जवळपास बंदीच आली. २०१८ च्या नियमांनी ती काही अंशी उठली, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी २५ अर्जांचे ५ आणि ७२ प्रकारच्या शुल्कांचे ४ केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, पण सुट्या भागांना मुभा राहिली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांनी नमो ड्रोन दीदी योजनेचा प्रारंभ केला. तिच्यात सुमारे १५ हजार महिला बचत गटांना किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य आणि १५ दिवसांचे प्रशिक्षण अशी तरतूद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रोनवरील जीएसटीही सरसकट ५ टक्क्यांवर आला. सरकारने आपल्या बाजूने बरेच केले आहे. यंत्रे गावात येऊ लागली आहेत, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

शिरोळ तालुक्यात आमच्या नात्यातील एकांची उसाची आडसाली लागण आहे. ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेला की पाठीवरचा पंप घेऊन सरीत शिरणे अशक्य होते. पाने अंग कापतात आणि फवाऱ्याचे निम्मे औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर येते. अशा उसावर ड्रोनची फवारणी मी बांधावर उभे राहून पाहिली आहे. दहा लिटरची टाकी, वरून बारीक तुषार, आणि एकरभर रान दहा मिनिटांच्या आत पूर्ण. बचत गटातील ज्या ताई ते यंत्र चालवत होत्या, त्यांचा हात आणि नजर इतकी तयार होती की विजेच्या तारेपासून किती अंतर सोडायचे हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. पुढे एका फवारणीत पंखा खांबाच्या ताणाच्या तारेला लागला, यंत्र उसात पडले, आणि त्यानंतर ते कित्येक आठवडे घरात झाकून ठेवावे लागले, कारण दुरुस्तीचे केंद्र जिल्ह्याबाहेर होते आणि भाग मागवूनही येत नव्हता. मी तो मोडलेला भाग मुद्दाम हातात घेऊन पाहिला. मोटर ज्या नळीवर बसते ती नळी घडी करून मिटवता यावी म्हणून सांध्यावर अॅल्युमिनियमची एक पकड असते, तळहातात मावेल एवढी. चार अॅलन बोल्टांपैकी एकाच्या भोकापासून तिला केसाएवढी चीर गेली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागातील कोणत्याही व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर) तो जॉब एका सकाळीत निघाला असता. परंतु कंपनीने मान्य केलेलाच भाग बसवला पाहिजे, नाहीतर हमी जाते, असे त्या ताईंना सांगण्यात आले होते, आणि ऐन फवारणीच्या दिवसांत त्यांचे उत्पन्न थांबले.

अशा ठिकाणी एकटा शेतकरी, एकटा बचत गट किंवा एकटा वर्कशॉपवाला काही करू शकत नाही आणि संघटना करू शकते. ड्रोन बनवणाऱ्या देशी कंपन्यांशी बोलून कोल्हापुरात अधिकृत दुरुस्ती केंद्र मिळवणे, भागांची रेखाचित्रे आणि चाचणीचे निकष मागून घेणे, आपल्या सभासदांनी बनवलेले भाग कंपनीकडून तपासून मान्य करून घेणे, ही कामे पत्रव्यवहाराची, चिकाटीची आणि सामूहिक वजनाची आहेत. आणि दुरुस्तीला मी पहिला मान देतो आहे याला या शहराचा इतिहास साक्षी आहे. कोल्हापूरचा इंजिनिअरिंग उद्योग शेतीपंपाच्या आणि गुऱ्हाळांच्या तेल इंजिनांच्या दुरुस्तीतून वाढला. बाहेरून आलेले इंजिन बंद पडले म्हणून ते उघडले गेले, झिजलेला भाग मिळेना म्हणून त्याचा पॅटर्न (साचा करण्यासाठीचा नमुना) केला गेला, पॅटर्न झाला म्हणून भट्टी आली, आणि भट्टीबरोबर लेथ आले. शिक्षण जेमतेम झालेल्या मिस्त्रींनी सबंध इंजिन उभे करण्यापर्यंत मजल मारली. परदेशी यंत्र उघडून पाहण्याची संधी त्यांना मिळाली होती, हे विसरून चालणार नाही. आजचे ड्रोन आणि रोबो मात्र आपल्याकडे झाकण बंद करूनच येतात.

याचा अर्थ कोल्हापूर उद्या ड्रोन बनवील असा मी करीत नाही. आपले बळ बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगमध्ये आहे, बिडाची घनता अॅल्युमिनियमच्या अडीचपटीहून अधिक असते, आणि उडणाऱ्या यंत्रात प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. ड्रोनच्या ब्रशलेस मोटरमधील चुंबकांसाठी तर सारे जग चीनवर अवलंबून आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा वाहन उद्योगाची किती धावपळ झाली, ती आपल्यापैकी अनेकांनी आपल्या ऑर्डरवरून ओळखली असेल. म्हणून मोटर आणि कंट्रोलर आपण उद्याच करू असे म्हणणे फसवे ठरेल. फवारणीचे पंप, नोझल, सांधे, अॅल्युमिनियम डाय कास्टिंगचे भाग, चाचणीचे स्टँड हे मात्र आपल्या आवाक्यात आहेत. त्याहून मोठे क्षेत्र जमिनीवरच्या यंत्रांचे आहे. कारखान्यातील रोबोच्या हाताला भक्कम बैठक लागते, गिअरबॉक्सला हाउसिंग लागते, आणि उसाच्या सरीतून चालणाऱ्या यंत्राला चिखलात न घसरणारे वजन लागते. तिथे आपल्या बिडाचा जडपणा उपयोगी पडतो. शिवाय स्वतःच्या शेतात जमिनीवरून चालणाऱ्या छोट्या यंत्राला विमान वाहतूक खात्याची परवानगीही लागत नाही.

फाउंड्रीतील रोबोचा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा आहे, आणि त्यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे. कास्टिंग वाळूतून बाहेर काढले, रनर-रायझर (धातू ओतण्याच्या वाटांत थिजलेले जादा तुकडे) तोडले, की ते फेटलिंगला जाते. तिथे माणूस हातातील ग्राइंडर कास्टिंगच्या कडेवर दाबून धरतो, ठिणग्यांचा झोत त्याच्या मांड्यांवर येतो, वाळूची आणि लोखंडाची धूळ हवेत तरंगत राहते, आणि मास्क दिलेला असला तरी उकाड्याने तो काढून अनेक जण नाकाला टॉवेलच बांधतात. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसाचा जो आजार होतो तो बरा होत नाही. फेटलिंगला माणसे मिळत नाहीत, अशी तक्रार आज प्रत्येक कारखानदार करतो. या कामासाठी जगात रोबो आहेत, मग आपल्याकडे ते इतके थोडे का? कारण साधे आहे. रोबो शिकवलेल्या मार्गानेच जातो. नव्या पॅटर्नच्या कास्टिंगवर फ्लॅश (साच्याच्या जोडावर येणारी धातूची जादा कड) पातळ असते आणि पॅटर्न झिजला की जाड होते, त्यामुळे एकाच मार्गाने फिरणारा ग्राइंडर कधी हवेत फिरतो तर कधी कास्टिंगच खातो. त्याला दाब ओळखणारा सेन्सर आणि कॅमेरा लागतो. त्यातून आपल्या जॉबिंग फाउंड्र्यांत आज एका भागाचे दोनशे नग आणि उद्या दुसऱ्याचे पन्नास, अशी कामे असतात आणि प्रत्येक भागासाठी रोबोला नव्याने शिकवण्याचा वेळ कोणाला परवडत नाही.

हा प्रश्न विक्रेत्याच्या सादरीकरणाने सुटत नाही, कारण सादरीकरणात कास्टिंग निवडून आणलेले असते. संघटनांनी मिळून एक रोबो सामाईक जागेत बसवावा, सभासदांनी आपापली खरी, वेडीवाकडी फ्लॅश असलेली कास्टिंग तिथे आणावीत, आणि कोणते काम जमले, कोणते नाही, किती वेळ लागला याची नोंद सर्वांना खुली ठेवावी. फाउंड्री क्लस्टरच्या रूपाने सामाईक सुविधा उभी करण्याचा अनुभव या शहराच्या गाठीशी आहे, आणि इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनची शाखाही येथे आहे. त्या रोबोवर प्रशिक्षण प्रथम कोणाला द्यावे, याविषयी माझे मत ठाम आहे : जो आज फेटलिंग करतो त्याला. कास्टिंगच्या कडेवर किती दाब द्यायचा हे त्याच्या मनगटाला ठाऊक आहे, आणि रोबोला शिकवायचे ते नेमके हेच आहे. रोबो येणार म्हणून त्याला घरी पाठवून त्या जागी पदविकाधारक मुलगा बसवला, तर माणुसकीच्या दृष्टीने ते अयोग्य होईलच, शिवाय कामही बिघडेल. चालकाविना धावणाऱ्या मोटारींना आपल्याकडे परवानगी देणार नाही, कारण लाखो चालकांचा रोजगार जाईल, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी जाहीरपणे सांगितले आहे. ती चिंता रास्त आहे आणि फाउंड्रीतील कामगारालाही ती लागू पडते. कामगार संघटनांच्या प्रतिनिधींना या वर्षाच्या नियोजनात पहिल्या बैठकीपासून बसवावे, नंतर कळवू नये.

आता जागेचा प्रश्न. उजळाईवाडीचा विमानतळ गोकुळ शिरगाव वसाहतीला लागूनच आहे, आणि नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्याच्या पलीकडील हिरव्या (परवानगीवाचून उडवता येणाऱ्या) क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. याचा परिणाम असा, की वसाहतीतील कारखाना, तिथले अभियांत्रिकी महाविद्यालय, शिवाजी विद्यापीठ आणि शहराचा मोठा भाग यांपैकी कुठेही विद्यार्थ्याला आपले यंत्र सहज उडवून पाहता येत नाही. विमानसेवा वाढत असताना हा निर्बंध योग्यच आहे. पण त्याच नियमांनी शिक्षणसंस्था, नवउद्योग आणि उत्पादक यांना संशोधन व चाचणीसाठी मोठी सवलत दिली आहे : जागा हिरव्या क्षेत्रात असावी आणि स्वतःच्या ताब्यातील असावी, मग प्रकार प्रमाणपत्र (ड्रोनच्या त्या मॉडेलला मिळणारी मान्यता), नोंदणी क्रमांक आणि वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. हातकणंगले वा शिरोळच्या बाजूला अशी एक मोकळी जागा संघटनांनी भाड्याने घेतली आणि तिथे एक शेड, चार्जिंगची सोय व प्रथमोपचार पेटी ठेवली, तरी जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाचा मोठा अडसर दूर होईल. मला विचाराल तर एखाद्या प्रदर्शनाच्या मंडपाला होणाऱ्या खर्चात हे वर्षभर चालू शकेल.

त्या जागेवर काय करून दाखवायचे, हे आपल्या मातीतूनच ठरावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील गावे वेढली गेली, आणि पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच मागे पडली. अशा वेळी पहिला दोर पलीकडे पोचवणे हेच सर्वांत जोखमीचे काम असते. तेव्हा काम जाहीर करावे : पावसात आणि वाऱ्यात, कोणी रिमोट न धरता, पाच किलोची औषधांची पिशवी आणि बारीक दोर पाण्यापलीकडे ठरावीक चौकोनात पोचवायचा. दुसरे काम उसाचे : साडेचार फुटी सरीतून स्वतः चालत जाऊन एका गुंठ्यातील तण काढायचे, आणि ऊस एकही मोडायचा नाही. केआयटी अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन, कळंब्याची आयटीआय, वारणानगर आणि इचलकरंजीची महाविद्यालये यांनी संघ पाठवावेत. प्रत्येक संघाला उद्यमनगर, शिरोली वा गोकुळ शिरगावातील एक वर्कशॉप जोडून द्यावे, म्हणजे मुलांना तयार भागांवर विसंबून न राहता भाग घडवावे लागतील आणि वर्कशॉपमधील टर्नरलाही नवे काम कळेल. पहिल्या वर्षी कोणालाच जमले नाही तर पुढील वर्षी तेच काम ठेवावे, आणि परीक्षकांत आपत्ती व्यवस्थापनातील बोटचालक आणि ऊस पिकवणारा शेतकरी असावा.

या तंत्राचा मोठा ग्राहक संरक्षण खाते आहे आणि अमेरिकेतील त्या संस्थेचेही बरेचसे सभासद त्या क्षेत्रातील आहेत, याची मला कल्पना आहे. संरक्षणाच्या ऑर्डरी आपल्या कारखान्यांना मिळाव्यात, पण संघटनांच्या या वर्षाचा भर शेती, पूर आणि कारखान्यातील माणसाचे आरोग्य यांवरच असावा, असे मी आग्रहाने म्हणेन. संरक्षणाच्या चाचण्यांची दारे सर्वांना खुली नसतात. शेतातले यंत्र कोणीही पाहू शकतो, त्याला हात लावू शकतो आणि त्यातील चूक दाखवू शकतो.

संबंधित संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर अखेरच्या ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात न घेता स्वतंत्र विषय म्हणून घ्यावा आणि त्यासाठी सभासदांकडून लेखी सूचना मागवाव्यात. मी ज्या संघटनेचा सभासद आहे तिच्या कार्यालयात या आशयाचे निवेदन देत आहे. स्पर्धेतील कोणत्याही एका संघाला माझ्या वर्कशॉपमधील लेथ, मिलिंग मशीन आणि एक अनुभवी फिटर सुट्टीच्या दिवशी विनामूल्य उपलब्ध करून देण्याची माझी तयारी आहे, आणि शिरोळच्या ताईंच्या यंत्राची ती पकड रेखाचित्र मिळाल्यास बनवून, चाचणीसाठी कंपनीकडे पाठवण्याचा खर्चही मी करीन.

आपला,
एक लघुउद्योजक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर